तडजोड आणि तोडपाणी : मुंबईतील रस्त्यावरचा दंड व पोलिसांचा भ्रष्टाचार – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

शासन आणि सामान्य नागरिक यांची गाठ सर्वाधिक वेळा जेथे पडते ते ठिकाण म्हणजे रस्ता होय. अनेक माणसे आयुष्यभर न्यायालयात जात नाहीत, सचिवालयाचे दार पाहत नाहीत. परंतु चौकात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाला प्रत्येकजण रोज पाहतो. त्यामुळे कायद्याविषयी नागरिकाच्या मनात जी प्रतिमा तयार होते, तिचा मोठा भाग रस्त्यावरच्या दोन-चार मिनिटांच्या व्यवहारात घडत असतो. या व्यवहारासाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत. कायद्याने ठरवलेली रक्कम भरून खटला टाळण्याला शासकीय भाषेत 'तडजोड' म्हणतात, तर पावतीशिवाय प्रकरण मिटवण्याला लोकभाषेत 'तोडपाणी' म्हणतात. एकच माणूस, एकच चौक आणि जवळजवळ एकच कृती. फरक आहे तो केवळ पावतीचा. हा फरक इतका पुसट कसा झाला, हा प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय आहे.

पोलिसांच्या भ्रष्टाचाराची चर्चा बहुधा व्यक्तीच्या नीतिमत्तेच्या अंगाने होते. हवालदार लोभी आहे किंवा वाहनचालक बेशिस्त आहे, असे म्हणून ही चर्चा संपते. इतिहासाच्या अभ्यासातून मात्र वेगळे चित्र समोर येते. गुन्हा पकडणे, दोष ठरवणे आणि पैसा वसूल करणे ही तीन कामे जेव्हा एका हाती येतात, तेव्हा भ्रष्टाचाराला अनुकूल जागा तयार होते. मुंबईच्या सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळाच्या इतिहासात ही जागा कधी बंद झाली, तर कधी सोयीसाठी पुन्हा उघडली गेली.

संशोधनाची उद्दिष्टे :

१) मुंबईतील रस्तेविषयक कायदे व दंड यांच्या विकासाचा कालक्रमाने आढावा घेणे.
२) पोलिसांचा स्वेच्छाधिकार आणि रस्त्यावरील लाचखोरी यांचा परस्परसंबंध तपासणे.
३) दंडवाढ व ई-चलान या अलीकडच्या उपायांचे ऐतिहासिक दृष्टीने मूल्यमापन करणे.

गृहीतक :

रस्त्यावरील भ्रष्टाचाराचे मूळ दंडाच्या रकमेपेक्षा दंड आकारण्याच्या पद्धतीत आहे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, कायद्यांतील तरतुदी, आयोग व समित्यांची निरीक्षणे आणि प्रकाशित अभ्यास यांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

१) पूर्वपीठिका : पुणे आणि मुंबई

अठराव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रातील दोन शहरांत एका वर्षाच्या अंतराने घडलेल्या दोन घटना लक्षणीय आहेत. पेशवाईतील पुण्याचा कोतवाल हा शहराची गस्त, चोरांचा बंदोबस्त, बाजारावरील देखरेख, किरकोळ तंट्यांचा निवाडा आणि दंडाची वसुली ही सर्व कामे पाहत असे. १७७७ पासून कोतवाल असलेल्या घाशीराम याच्या बंदीत अनेक ब्राह्मण गुदमरून मरण पावले आणि ऑगस्ट १७९१ मध्ये संतप्त लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकामुळे हे नाव घरोघरी पोहोचले. नाटकातील घाशीराम आणि इतिहासातील घाशीराम यांत अंतर आहे. परंतु अनिर्बंध अधिकाराचे पद म्हणून कोतवालीची जी आठवण समाजात राहिली, तिला ऐतिहासिक आधार आहे.

कंपनी सरकारच्या मुंबईतही चित्र फारसे निराळे नव्हते. १७७९ मध्ये जेम्स टॉड याची 'लेफ्टनंट ऑफ पोलिस' म्हणून नेमणूक झाली. १७९० मध्ये त्याच्यावर लाचखोरीचा खटला चालला व त्याला पदावरून दूर व्हावे लागले. त्याच्यासाठी पैसे गोळा करणारा इसमच खटल्यात त्याच्याविरुद्ध प्रमुख साक्षीदार ठरला. पुढे १८१० मध्ये पोलिस सुपरिंटेंडेंट चार्ल्स ब्रिस्को याच्यावरही भ्रष्टाचाराचा खटला झाला. वीस वर्षांच्या अंतराने त्याच पोलिस यंत्रणेच्या दोन प्रमुखांवर एकाच स्वरूपाचा आरोप यावा, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही.

या प्रश्नाच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न मुंबईचे रेकॉर्डर सर जेम्स मॅकिंटॉश यांनी केला. पोलिस प्रमुख कायदेशीर आधार नसताना फटक्यांच्या व हद्दपारीच्या शिक्षा देत आले आहेत, हे त्यांनी १८११ मध्ये निदर्शनास आणले. त्यांचा आक्षेप टॉड किंवा ब्रिस्को या व्यक्तींपुरता नव्हता. एकाच अधिकाऱ्याने पकडावे, निवाडा करावा आणि शिक्षाही अंमलात आणावी या रचनेलाच त्यांचा विरोध होता. त्यानंतर १८१२ च्या पहिल्या रेग्युलेशनने शहराच्या पोलिस व्यवस्थेची नव्याने मांडणी केली. पुढे एकोणिसाव्या शतकात पोलिस आणि दंडाधिकारी यांची कामे टप्प्याटप्प्याने वेगळी होत गेली. पकडणारा एक आणि दोष ठरवणारा दुसरा, हे तत्त्व मुंबईने अनुभवातून स्वीकारले, असे म्हणता येईल.

२) घोडागाडी ते मोटार

रस्त्यावरील वर्तनासाठी शिक्षेची तरतूद मोटारीच्या आगमनापूर्वीची आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २७९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणे हा गुन्हा होता व त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होती. ही संहिता १ जुलै २०२४ पर्यंत लागू होती. त्यानंतर हा गुन्हा भारतीय न्याय संहितेत कलम २८१ म्हणून आला. १८६१ च्या पोलिस कायद्यातील कलम ३४ मध्ये भरधाव घोडा पिटाळणे, रस्ता अडवणे इत्यादी कृत्यांसाठी ५० रुपयांपर्यंत दंड किंवा आठ दिवसांपर्यंत कैद सांगितली होती. मात्र या दोन्ही तरतुदींत शिक्षा देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याचा होता, शिपायाचा नव्हे.

मुंबई शहरात १८६३ च्या सार्वजनिक वाहनविषयक कायद्याने भाड्याच्या घोडागाड्या परवान्याखाली आणल्या. १९२० मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. गाडीचा परवाना आणि हाकणाऱ्याचा बिल्ला यांवर पोलिस खात्याचे नियंत्रण आले. येथे एक नवी गोष्ट घडली. शिपायाला दंड करता येत नसला, तरी गाडीवानाची रोजीरोटी ज्या बिल्ल्यावर अवलंबून होती, त्या बिल्ल्याविरुद्ध तक्रार करण्याची शक्ती त्याच्या हाती आली. शिक्षेपेक्षा शिक्षेची धास्ती अधिक प्रभावी ठरू शकते, हे रस्त्यावरील भ्रष्टाचाराचे महत्त्वाचे सूत्र येथे दिसते. गाडी अडवून ठेवली तर त्या दिवसाची कमाई बुडते. न्यायालयाचा निकाल पुढे काहीही लागो.

सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील १९०२–०३ च्या पोलिस आयोगाने देशभरातील पोलिस व्यवस्था अकार्यक्षम असून लोक तिला भ्रष्ट व जुलमी मानतात, असा स्पष्ट निष्कर्ष काढला. याच काळात मोटार रस्त्यावर आली. मुंबई इलाख्याने १९०४ मध्ये मोटारींसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यानंतर १९१४ चा भारतीय मोटार वाहन कायदा आणि १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. नोंदणी, चालकाचा परवाना, वेगमर्यादा, भाड्याच्या वाहनांचे परमिट अशा बाबींची संख्या प्रत्येक कायद्यागणिक वाढत गेली. नियम वाढले म्हणजे वाहन थांबवण्याची कारणेही वाढली. कागदपत्रे पूर्ण असणारा चालकही कोठल्या ना कोठल्या नियमात अडकू शकतो, अशी स्थिती निर्माण झाली.

३) लाचविरोधी यंत्रणा आणि तिची मर्यादा

स्वातंत्र्यानंतर लाचखोरीचा प्रश्न शासनाने गांभीर्याने घेतला. १९४७ मध्येच भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आला. १९५१ च्या मुंबई पोलिस कायद्याने (जो पुढे महाराष्ट्र पोलिस कायदा या नावाने ओळखला जाऊ लागला) कलम ३३ द्वारे वाहतूक नियमनाचे नियम करण्याचे अधिकार पोलिस अधिकाऱ्यांना दिले. २६ नोव्हेंबर १९५७ रोजी राज्यात लाचलुचपत प्रतिबंधक विभाग स्वतंत्रपणे स्थापन झाला. संथानम समितीने १९६४ च्या अहवालात, काम लवकर व्हावे म्हणून दिल्या जाणाऱ्या पैशाची प्रथा नोंदवली आणि त्याच वर्षी केंद्रीय दक्षता आयोग अस्तित्वात आला. १९८८ मध्ये नवा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आला व दंड संहितेतील लाचविषयक जुनी कलमे त्यात सामावली गेली.

या सर्व यंत्रणेचे मुख्य साधन म्हणजे सापळा होय. सापळ्यासाठी तक्रारदार लागतो. येथे रस्त्यावरील लाचेचे दोन प्रकार ध्यानात घेतले पाहिजेत. काही दोष नसताना धाक दाखवून पैसे घेतले जातात, तेव्हा चालक हा पीडित असतो व तो तक्रार करू शकतो. परंतु चालकाने खरोखर सिग्नल मोडलेला असतो किंवा ट्रकमध्ये जादा माल भरलेला असतो, तेव्हा लाच ही दोघांच्या सोयीची होते. चालकाचा दंड वाचतो, पोलिसाचा खिसा भरतो. नुकसान होते ते शासनाचे आणि त्याहून अधिक त्या तिसऱ्या माणसाचे, जो तेथे हजरच नसतो. जादा भाराच्या त्याच ट्रकचे ब्रेक पुढच्या घाटात लागत नाहीत, तेव्हा समोरून येणाऱ्याला आपल्या जिवाचा सौदा मागच्या नाक्यावर झाला होता, हे ठाऊक नसते. अशा व्यवहाराला तक्रारदार मिळत नाही आणि म्हणून सापळाही लावता येत नाही. २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरला. सक्तीने लाच द्यावी लागली असल्यास सात दिवसांत कळवण्याची अट घालण्यात आली. या तरतुदीचा हेतू चांगला असला, तरी रस्त्यावर घाईत असणाऱ्या चालकाला तिने बोलके करण्याऐवजी अधिक गप्प केले असण्याचीच शक्यता आहे.

४) १९८८ चा मोटार वाहन कायदा : तडजोडीचे कलम

१ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील दोन तरतुदी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. कलम १७७ नुसार ज्या गुन्ह्यास वेगळी शिक्षा सांगितलेली नाही त्यास प्रथम १०० रुपयांपर्यंत व त्यानंतर ३०० रुपयांपर्यंत दंड होता. कलम २०० नुसार ठरावीक गुन्ह्यांत, खटला दाखल होण्यापूर्वी किंवा नंतर, राज्य शासनाने अधिसूचित केलेले अधिकारी अधिसूचित रक्कम घेऊन तडजोड करू शकतात.

कलम २०० मागील कारण समजण्यासारखे आहे. वाहनांची संख्या प्रचंड वाढली होती. प्रत्येक किरकोळ गुन्हा दंडाधिकाऱ्यापुढे नेला असता तर न्यायालये त्याखाली दबून गेली असती. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण ज्या समाजात रूढ आहे, तेथे नागरिकालाही ही सोय हवीच होती. परंतु सोयीची किंमत मोजावी लागली. पकडणे, दोष ठरवणे आणि पैसे घेणे ही १८१२ नंतर वेगळी होत गेलेली तीन कामे चौकातील पावती पुस्तकाने पुन्हा एका हाती आणली.

यातून होणाऱ्या व्यवहाराचे अर्थकारण साधे आहे. समजा, दंड १०० रुपये आहे. चालकाने तो नाकारल्यास परवाना जमा होण्याची, तारखेला हजर राहण्याची आणि एका दिवसाची मजुरी बुडण्याची शक्यता असते. म्हणजे कायदेशीर मार्गाची चालकाला पडणारी खरी किंमत १०० रुपयांहून कितीतरी अधिक असते. दुसरीकडे पावती न फाडल्यास पोलिसाला मिळणारी रक्कम, कितीही लहान असली तरी, शून्याहून अधिक असते. या दोन टोकांच्या मधल्या जागेत 'साहेब, मिटवून टाका' हे वाक्य जन्माला येते. 'पावती फाडू का?' हा प्रश्न वरकरणी कायद्याचा असतो. त्यातील प्रश्नचिन्ह मात्र सौद्याचे असते.

या ठिकाणी पोलिस शिपायाची बाजू दुर्लक्षून चालणार नाही. राष्ट्रीय पोलिस आयोगाने १९७९ च्या पहिल्या अहवालात शिपायांचे वेतन, कामाचे तास व राहणीमान यांचा विचार केला होता. ऊन, धूर आणि गोंगाटात दिवसभर उभा राहणारा हा कर्मचारी व्यवस्थेतील सर्वांत खालचा घटक आहे आणि रोष मात्र त्याच्याच वाट्याला येतो. तथापि केवळ वेतनवाढीने प्रश्न सुटतो असेही दिसत नाही. घाना या देशात २०१० मध्ये पोलिसांचे वेतन दुप्पट केल्यानंतर ट्रकचालकांकडून घेतल्या जाणाऱ्या लाचेची रक्कम वाढल्याचे एका अभ्यासात आढळले. वेतन वाढले, परंतु रस्त्यावरच्या व्यवहाराची रचना तीच राहिली, हे त्याचे एक संभाव्य कारण होय.

५) दंडवाढीचा उपाय

२०१९ च्या दुरुस्ती कायद्याने दंडाच्या रकमा मोठ्या प्रमाणात वाढवल्या. कलम १७७ खालील दंड १०० रुपयांवरून ५०० रुपये झाला. विनापरवाना वाहन चालवण्याचा दंड ५०० वरून ५,००० रुपये, तर मद्यपान करून वाहन चालवण्याचा पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० वरून १०,००० रुपयांपर्यंत गेला. १ सप्टेंबर २०१९ पासून या तरतुदी लागू झाल्या. मात्र गुजरातने लगेच अनेक रकमा कमी केल्या. महाराष्ट्रानेही अंमलबजावणी लांबवली व नव्या रकमा राज्यात डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाल्या. या कायद्यातील कलम २१०-ब उल्लेखनीय आहे. अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणेतील व्यक्तीनेच या कायद्याखालील गुन्हा केल्यास तिला दुप्पट दंड सांगितला आहे. विनाहेल्मेट पोलिसाला ही तरतूद लागू पडते. पावतीविना पैसे घेणाऱ्या पोलिसाला मात्र ती स्पर्श करत नाही.

दंडवाढीमागील उद्देश निःसंशय गंभीर आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मरण पावल्या. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातील होत्या. परंतु गृहीतकाच्या दृष्टीने पाहता, जेथे पावती फाडण्याचा निर्णय एका व्यक्तीच्या मर्जीवर आहे, तेथे दंड वाढला म्हणजे सौद्याची जागाही रुंदावते. १०० रुपयांच्या दंडात जो सौदा ५० रुपयांत होत असेल, तो १०,००० रुपयांच्या दंडात तेवढ्यावर थांबणार नाही. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा शहरांतील ट्रकचालकांच्या पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश चालकांनी वाहतूक वा महामार्ग पोलिसांना लाच दिल्याचे सांगितले आणि ट्रक वाहतुकीतील एकूण लाचेचा वार्षिक अंदाज सुमारे ४८ हजार कोटी रुपये इतका काढण्यात आला. यावरून दंडाचा धाक गुन्हा रोखण्याआधीच वाटेत मोठ्या प्रमाणात विकला जातो, असे दिसून येते.

६) ई-चलान : हात बाजूला, पण निवाडा कोठे?

मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये ई-चलान पद्धती सुरू झाली. शहरात बसवलेल्या साडेचार हजारांहून अधिक सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा तिला आधार होता. २०१९ मध्ये 'एक राज्य एक ई-चलान' ही योजना राज्यभर आली. २०२१ मध्ये केंद्रीय नियम १६७-अ ने इलेक्ट्रॉनिक देखरेखीची कार्यपद्धती घालून दिली व गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत सूचना पाठवण्याची अट घातली. कॅमेऱ्याशी घासाघीस करता येत नाही आणि दंड थेट शासनाच्या खात्यात जमा होतो. म्हणजे पैसे घेणारा हात पकडणाऱ्या हातापासून वेगळा झाला. मुंबईच्या इतिहासात ही मोठी सुधारणा होय.

तथापि ही सुधारणा अपुरी राहिली. सूचना नोंदणीकृत मालकाला जाते, प्रत्यक्ष चालकाला नव्हे. पत्ता वा मोबाइल क्रमांक बदललेला असल्यास ती पोहोचतच नाही. परिणामी थकबाकी साचत गेली आणि २०२१ पासून अशी प्रकरणे लोक अदालतीपुढे ठेवण्याची वेळ आली. आक्षेप नोंदवण्याची सोय संगणकावर मिळाली, परंतु तो आक्षेप प्रथम वाहतूक पोलिसांनीच तपासायचा, अशी रचना राहिली. ज्याने चलान केले त्याच खात्याकडे दाद मागायची असल्यास दाद मागणाऱ्याला न्याय मिळाल्याचे समाधान लाभत नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यातील वाहतूकदारांनी ई-चलानच्या जाचाविरुद्ध संप पुकारला. त्याच सुमारास राज्याच्या वाहतूक पोलिस मुख्यालयाने पोलिसांनी खासगी मोबाइलवर वाहनांची छायाचित्रे काढून नंतर चलान करू नये, असा आदेश काढला. हा आदेश बोलका आहे. स्थिर कॅमेरा सर्वांकडे सारखे पाहतो. खिशातील मोबाइल मात्र कोणाकडे पाहायचे ते निवडू शकतो आणि चलान पाठवायचे की नाही हेही ठरवू शकतो. यंत्र बदलले, तरी मर्जीने परत येण्याची वाट शोधलीच.

निष्कर्ष :

१) मुंबईतील पोलिस भ्रष्टाचाराचा प्रश्न मोटारीच्या आधीचा आहे. १७९० व १८१० चे खटले आणि १८११ मधील मॅकिंटॉश यांचा आक्षेप यांतून अधिकारांच्या एकत्रीकरणाचा धोका त्याच वेळी स्पष्ट झाला होता.
२) एकोणिसाव्या शतकात वेगळी झालेली पकडणे, निवाडा व वसुली ही कामे १९८८ च्या कायद्यातील तडजोडीच्या तरतुदीने सोयीसाठी रस्त्यावर पुन्हा एकत्र आली.
३) दोघांच्या संमतीने होणाऱ्या लाचेत तक्रारदार नसतो, त्यामुळे सापळ्यावर आधारलेली लाचविरोधी यंत्रणा तेथे दुबळी ठरते.
४) आकारणीची पद्धत न बदलता केलेली दंडवाढ लाचेची किंमत वाढवण्याचा धोका निर्माण करते.
५) ई-चलानने वसुलीचे काम वेगळे केले, परंतु निवाड्याचे काम स्वतंत्र केले नाही. त्यामुळे गृहीतकास पुष्टी मिळते.

उपाययोजना :

ई-चलानवरील आक्षेप ऐकण्यासाठी पोलिस खात्याबाहेरील, अल्पावधीत निर्णय देणारे आणि तालुका पातळीवर उपलब्ध असणारे स्वतंत्र निवाडा अधिकारी नेमले जावेत. चालकाचा दिवस न बुडता त्याला बाजू मांडता आली, तर कायदेशीर मार्गाची किंमत कमी होईल आणि सौद्याची जागा आकुंचन पावेल. रस्त्यावर वाहन अडवणाऱ्या प्रत्येक पोलिसाजवळ अंगावरील कॅमेरा असावा व रोख रक्कम स्वीकारण्याची पद्धत पूर्णतः बंद व्हावी. चलानांच्या संख्येवरून पोलिसाच्या कामाचे मूल्यमापन न करता त्या भागातील अपघात किती घटले यावरून ते केले जावे.

रस्त्यावरील कायदा हा महसुलाचे साधन नसून जीव वाचवण्याचे साधन आहे. चौकात पन्नास रुपयांवर मिटलेले प्रकरण शासनदरबारी कोठेही नोंदले जात नाही. त्याची नोंद होते ती अपघाताच्या आकडेवारीत, आणि तेव्हा पावती फाटते ती तिसऱ्याच माणसाच्या नावाने.